उलट बाजूचे टाके

गेल्या हिवाळ्यात आमच्या चाळीसगावी एका व्याख्यानमालेत परभाषांच्या अध्ययनासंबंधी एका विद्वान गृहस्थांचे भाषण झाले. त्यांचा व्यासंग मोठा, वाणी प्रसन्न आणि युरोपातील चार-पाच भाषांशी त्यांचा परिचय निकटचा. त्यामुळे सभागृह भरून गेले होते, आणि मीही माझ्या भाचीला घेऊन पुढच्या रांगेत जाऊन बसलो होतो. ही मुलगी पुण्यास नोकरी करते, दोन वर्षांपासून संध्याकाळच्या वर्गाला जाऊन स्पॅनिश शिकते, आणि सुटीत घरी येताना महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये वाचावयास म्हणून तिने जे पुस्तक आणले होते, ते त्या वेळी तिच्या मांडीवर होते. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याची ती गोष्ट, स्पॅनिश भाषांतरात. वक्ते आपल्या विवेचनाच्या भरात म्हणाले, की परभाषेची शब्दसंपत्ती भाषांतरित कादंबऱ्यांतून मिळवू पाहणारा मनुष्य उष्ट्या पानावर जेवावयास बसतो. भाषांतराची भाषा ही मुळी भाषाच नव्हे. शिकावयाचे तर मूळ ग्रंथ वाचून, आणि तो पेलत नसेल तोपर्यंत व्याकरण व शब्दसूची घोकून. आधारादाखल त्यांनी सर्व्हांटिसच्या डॉन किहोतेचा तो प्रसिद्ध अभिप्राय सांगितला, की भाषांतर वाचणे म्हणजे फ्लँडर्सच्या विणलेल्या चित्रपडद्याची उलट बाजू पाहणे, जिथे आकृती तर दिसतात पण लोंबत्या धाग्यांनी झाकोळून गेलेल्या. टाळ्या झाल्या, आणि त्या टाळ्यांत माझ्या भाचीने मांडीवरचे पुस्तक उचलून हळूच पिशवीत ठेवले.

ते पुस्तक तिने पिशवीत ठेवले नसते, तर मी लेखणी उचलली नसती. एका विद्वानाचे मत आणि माझे मत यांत अंतर असणे ही काही वर्तमानपत्री कैफियत मांडण्याजोगी गोष्ट नव्हे. परंतु एखादे मत जेव्हा धडपडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातातील पुस्तक काढून घेते, आणि त्याच्या जागी काही न देता त्याला लाज मात्र देते, तेव्हा त्या मताची उलटतपासणी होणे अवश्य ठरते; आणि ती करण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो, कारण ज्या रीतीला वक्त्यांनी हीन ठरविले, त्याच रीतीने मी प्रमाण मराठी शिकलो आहे.

माझ्या घरची भाषा अहिराणी. आमच्या घरी मुलाला आंडोर म्हणत, येथे-तेथे याला अठे-तठे म्हणत, आणि शाळेच्या पुस्तकातील मराठी ही आम्हांला, सख्खी नसली तरी चुलत म्हणावी इतपत, दुसरीच भाषा होती. ती गुरुजींनी शिकविली हे खरे, तथापि गुरुजींनी व्याकरण शिकविले. शब्द शिकविले ते गोष्टींनी, आणि त्या गोष्टींपैकी निम्म्याहून अधिक भाषांतरित होत्या. तितूर नदीच्या काठी वाढलेल्या, समुद्र ज्याने कधी पाहिलेला नाही अशा मुलाला नांगर म्हणजे शेतातला तो लाकडी नांगर, एवढेच ठाऊक असावयाचे. ज्यूल व्हर्नच्या गोष्टी भा. रा. भागवतांच्या मराठीत हाती आल्या आणि जहाजही नांगर टाकते हे मी प्रथम वाचले. सुकाणू, शीड, डोलकाठी, वल्हे, खलाशी हे शब्द एका फ्रेंच लेखकाने माझ्या पदरात घातले, ते एका मराठी लेखकाच्या हाताने. त्यांचा अर्थ मी कोणाला विचारला नाही. वादळ होते, शीड फाटत होते, माणसे धावत होती. अर्थ त्या धावपळीत आपोआप उलगडत गेला. पुढे शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मामा वरेरकरांच्या मराठीतून वाचल्या आणि मनुष्याच्या अंतःकरणातील संकोच, अभिमान, अनुताप यांना मराठीत काय म्हणतात ते बंगाली कुटुंबांच्या सुखदुःखांतून कळले. ते शब्द खोटे होते काय? आज मी ज्या मराठीत वक्त्यांचा प्रतिवाद करीत आहे, ती मराठी मग कोणाची?

आणि ही केवळ माझीच कहाणी नाही, मराठी गद्याचीही हीच आहे. जॉन बन्यनचे रूपक हरि केशवजींनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ म्हणून मराठीत आणले. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी सुरस गोष्टी आणि जॉन्सनचा ‘रासेलस’ मराठीत आणला. त्या ओघातच आपल्या गद्याला लांब वाक्य पेलण्याची ताकद आणि नवे अर्थ बाळगणारे शब्द मिळाले, आणि मग स्वतंत्र कादंबरी उभी राहिली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९४ साली जे मासिक काढले त्याचे नावच ‘भाषांतर’ असे होते. भाषेच्या शुद्धीविषयी त्यांच्याइतका दक्ष पुरुष विरळा. परंतु त्यांनीही जगातील थोर ग्रंथ मराठीत उतरविणे हे उष्टे खाणे मानले नाही. त्या राजवाड्यांनी धुळ्यास १९२६ साली देह ठेवला, आणि त्यांचे दप्तर सांभाळणारे संशोधन मंडळ धुळ्यासच, आमच्या चाळीसगावाहून निघणाऱ्या शाखा-रेल्वेच्या दुसऱ्या टोकाला, आजही उभे आहे. या खानदेशच्या भूमीवर उभे राहून भाषांतराला उष्टे पान म्हणावे, हे मला साहवले नाही हे मी कबूल करतो.

आता वक्त्यांच्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. भाषांतराची भाषा ही भाषाच नव्हे, हा तो मुद्दा. त्यांना वाटते, की स्पॅनिश भाषांतरात जे स्पॅनिश असते ते इंग्रजीच्या साच्यातून काढलेले, निर्जीव आणि बेगडी असते. वाईट भाषांतरांपुरते हे खरे आहे, जसे ते वाईट मूळ ग्रंथांपुरतेही खरे आहे. पण एडगर अॅलन पो याचे समग्र गद्य स्पॅनिशमध्ये आणले ते हूलिओ कोर्तासार यांनी, आणि ते १९५६ साली प्रसिद्ध झाले. व्हर्जिनिया वुल्फची ‘ऑर्लँडो’ १९३७ साली आणि फॉकनरची ‘वाइल्ड पाम्स’ १९४० साली स्पॅनिशमध्ये आली, ती होर्हे लुइस बोर्हेस यांच्या लेखणीतून. ज्या दोन पुरुषांवाचून विसाव्या शतकातील स्पॅनिश गद्याचा इतिहास लिहिता येत नाही, त्यांच्या हातचे हे लेखन. आणि वक्त्यांच्या मते ही भाषा स्पॅनिश नव्हे! गार्सिया मार्केझ यांनी काफ्का वाचला तो जर्मनमध्ये नव्हे, स्पॅनिश भाषांतरात, बोगोटाच्या वसतिगृहात. आणि तो वाचूनच अशा तऱ्हेने कथा सांगता येते हे आपणांस उमगले असे त्यांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. ज्या स्पॅनिश कादंबरीला आपण मूळ, अस्सल आणि मातीतली म्हणून नमस्कार करतो, तिच्या मुळाशी भाषांतराचे पाणी मुरलेले आहे. मराठी वाचकाला हे पटावयास दूर जावयास नको. ‘एका कोळियाने’ हे पुस्तक हेमिंग्वेचे खरे, पण त्यातील मराठी पु. ल. देशपांड्यांची आहे, आणि ती खोटी मराठी आहे असे म्हणण्याचे धाडस मी अद्याप कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही.

हेमिंग्वेच्या त्या पुस्तकापाशी मला थोडे थांबले पाहिजे, कारण पिशवीत गेले ते हेच. माझ्या भाचीने ‘एका कोळियाने’ शाळेत असताना वाचले होते, एकदा नव्हे, तीनदा-चारदा. चौऱ्यांशी दिवस एकही मासा न गवसलेला म्हातारा, त्याच्यावर जीव टाकणारा पोरगा, होडीपेक्षा मोठा तो मासा आणि मागाहून येणारे शार्क, हे सारे तिच्या मनात मराठीत कायमचे बसलेले होते. तेच तिने स्पॅनिशमध्ये उघडले, तेव्हा गोष्ट समजून घेण्याचे अर्धे कष्ट आधीच फिटलेले होते आणि तिचे सारे अवधान शब्दांना मोकळे राहिले. म्हाताऱ्याच्या हाती काय आहे हे तिला माहीत होते. त्याला ‘सेदाल’ म्हणतात, म्हणजे गळाची दोरी, एवढेच नवे होते. गळाला ‘आन्सुएलो’, वल्ह्याला ‘रेमो’, शिडाला ‘वेला’, शार्कला ‘तिबुरोन’. हे शब्द त्या छोट्या पुस्तकात इतक्या वेळा येतात की दहाव्या पानानंतर त्यांचा अर्थ लावावा लागत नाही, आणि पन्नासाव्या पानानंतर ते परके वाटत नाहीत. शब्द स्मरणात राहतो तो एकदा पाहिल्याने नव्हे. तो निरनिराळ्या वाक्यांतून, निरनिराळ्या प्रसंगी पुनःपुन्हा भेटल्याने राहतो, आणि कादंबरी म्हणजे पुनर्भेटीची सर्वांत मोठी सोय आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती वक्त्यांनी लक्षात घेतली असती तर त्यांनी ते पुस्तक उदाहरणादाखल व्यासपीठावर मागून घेतले असते असे मला वाटते. हेमिंग्वेचा म्हातारा सांतियागो हा क्यूबाचा कोळी. तो त्या होडीत मनाशी जे बोलतो, ते स्पॅनिशमध्येच बोलत असणार. हेमिंग्वेच्या इंग्रजीत जागोजाग स्पॅनिश शब्द डोकावतात, त्याचे कारण हेच. समुद्राला म्हातारा ‘ला मार’ म्हणतो, स्त्रीलिंगी, कारण ज्यांचे त्याच्यावर प्रेम आहे ते तसेच म्हणतात. तरुण कोळी ‘एल मार’ म्हणतात, पुल्लिंगी, प्रतिस्पर्ध्यासारखा. हा भेद इंग्रजीत सांगावा लागतो. स्पॅनिशमध्ये तो भाषेच्या पोटातच आहे, आणि मराठी वाचकाला तो चटकन भिडतो, कारण लिंगभेदाची जाणीव आमच्या कानाला उपजत आहे. हे पुस्तक स्पॅनिशमध्ये आणले लीनो नोवास काल्वो यांनी, आणि ते स्वतः क्यूबात वाढलेले कथालेखक. तेव्हा सांतियागोचे हे परक्या मुलखात जाणे नव्हे, घरी परतणे आहे.

वक्ते म्हणतात, मूळ ग्रंथ पेलत नसेल तर शब्दसूची घोका. शब्दसूचीच्या सामर्थ्याविषयी आपल्या इतिहासात एक मोठा दाखला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. फार्शी-अरबी शब्दांसमोर संस्कृत प्रतिशब्द मांडले. उद्देश थोर, रचना कुशल, पाठीशी प्रत्यक्ष राजाज्ञा. अष्टप्रधानांची नावे त्याच काळात संस्कृत झाली, आणि त्यांपैकी बरीच टिकली. परंतु दप्तर, कारकून, वकील, जमीन, फौज, जामीन, फिर्याद हे शब्द तीनशे वर्षांनंतरही मराठी माणसाच्या जिभेवर नांदत आहेत, कारण ते चावडीवर, बाजारात आणि रणांगणावर रोजच्या वाक्यांत वावरत होते, आणि कोशातले त्यांचे प्रतिशब्द बहुतांशी कोशातच राहिले. राजाज्ञा जे साधू शकली नाही, ते परीक्षेच्या आदल्या रात्री दोन रकान्यांची वही साधील, यावर मी विश्वास ठेवू शकत नाही. शब्दसूचीला माझी हरकत नाही. ती वाचनाच्या मागून यावी, पुढे येऊ नये.

आणि मूळ ग्रंथ? नवशिक्याच्या हाती ‘डॉन किहोते’ द्या, असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा मला विचारावेसे वाटते, की मराठी शिकणाऱ्या स्पॅनिश माणसाच्या हाती आपण प्रथम ज्ञानेश्वरी देतो काय? सर्व्हांटिसच्या ग्रंथाचा पहिला भाग १६०५ सालचा. आज ज्याला ‘उस्तेद’ म्हणतात, त्या आदरार्थी शब्दाचे त्या काळचे रूप ‘वुएस्त्रा मेर्सेद’ असे होते. अशा पुराण्या भाषेत गोष्टही अनोळखी, शब्दही अनोळखी, समाजही अनोळखी. वाचनाचा अभ्यास करणाऱ्या पॉल नेशन यांच्यासारख्या विद्वानांचे अनुमान असे आहे, की मजकूर शब्दकोशावाचून सुखाने समजावयाचा तर त्यातील शंभरांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे असावे लागतात. दोन वर्षे शिकलेल्या मुलीला हे प्रमाण मूळ स्पॅनिश कादंबरीत लाभत नाही, महिनोन् महिने लाभत नाही. मग ही दरी भरावी कशाने? माझे उत्तर असे, की परिचित गोष्टीने. वाचकाला शब्द ठाऊक नसला तरी प्रसंग ठाऊक असतो, आणि प्रसंग हा शब्दाचा जामीन राहतो.

हे मी माझ्या कल्पनेने सांगत नाही. ट्रॉयचे उत्खनन करणारा हाइनरिख श्लीमान हा १८४४ च्या सुमारास अॅमस्टरडॅमच्या एका पेढीत कारकून होता. त्याला रशियन शिकावयाचे होते, आणि सबंध शहरात त्याला रशियन शिकविणारा मिळाला नाही. मिळाले ते एक जुने व्याकरण, एक कोश आणि फेनेलोंच्या ‘टेलेमाक’ या फ्रेंच कादंबरीचे रशियन भाषांतर. तेही वाईट भाषांतर, असे तो स्वतःच आपल्या आत्मवृत्तात नमूद करतो. पण मूळ फ्रेंच ‘टेलेमाक’ त्याला जवळजवळ मुखोद्गत होते. तेव्हा त्याने ते भाषांतर मोठ्याने पाठ करावयास घेतले, ऐकणारा कोणी हवा म्हणून एका मनुष्याला आठवड्याला चार फ्रँक देऊन समोर बसविले, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे त्याला दोनदा बिऱ्हाड बदलावे लागले. सहा आठवड्यांनी त्याने निळीच्या एका रशियन व्यापाऱ्याच्या मुनिमाला आपले पहिले रशियन पत्र लिहिले. त्याच्या आत्मवृत्तात फुशारकी पुष्कळ आहे आणि त्यातील सगळेच मी डोळे मिटून ग्राह्य धरणार नाही. तथापि १८४६ साली तो सेंट पीटर्सबर्गला गेला आणि तेथे व्यापार करून गबर झाला, हे दस्तऐवजाने सिद्ध आहे. पुढे आधुनिक ग्रीक शिकतानाही त्याने तीच रीत धरली: ‘पॉल आणि व्हर्जिनी’ या परिचित कादंबरीचे ग्रीक भाषांतर घेऊन बसला, आणि शब्दकोश फारसा न उघडता त्यातील बहुतेक शब्द आत्मसात केले.

आमच्या मुलखाचाही एक दाखला देता येतो. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी अठरा रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. पुढे ‘गीता प्रवचने’ भारताच्या बहुतेक भाषांत गेली. मला जर कोणी विचारले, की मराठी माणसाने गुजराती किंवा कन्नड शब्दसंपदा कशी वाढवावी, तर मी त्याला त्या भाषेतील ‘गीता प्रवचने’ वाच असे सांगेन, कारण विनोबांचा विचार त्याच्या कानात मराठीत आधीच घुमत असेल, आणि शेजारच्या भाषेचा शब्द त्या विचाराच्या बोटाला धरून आत येईल. ज्या साने गुरुजींनी अमळनेरच्या मुलांना शिकविले आणि पुढे तुरुंगात तमिळ शिकून ‘कुरल’ मराठीत आणले, त्यांना आंतरभारतीचे स्वप्न पडले ते या अशाच देवघेवीवरून.

आता विरुद्ध बाजूचे जे खरे आहे, ते मी लपवून ठेवणार नाही. भाषांतरात परमुलखाची माती कमी असते. स्पेनच्या खेड्यातील चौक, लग्नाची रीत, शेताच्या अवजारांची नावे, शिव्या आणि लाडाची संबोधने, ही मूळ स्पॅनिश लेखकापाशीच मिळावयाची. स्पेनमध्ये बटाट्याला ‘पाताता’ म्हणतात आणि मेक्सिकोत ‘पापा’; भाषांतर एका देशी छापलेले असेल तर वाचकाच्या वहीत एकाच देशाचे शब्द भरतात. आणि सर्वांत मोठा धोका असा, की गोष्ट ओळखीची म्हणून डोळा पानावरून घसरत जातो, शब्द न पाहता अर्थ गृहीत धरतो, आणि वाचकाला वाटते आपण वाचले. हा दोष खरा आहे. पण तो रीतीचा नव्हे, शिस्तीच्या अभावाचा. माझ्या भाचीला मी एवढेच सांगितले, की मराठी प्रत शेजारी उघडून ठेवू नकोस. प्रत्येक शब्दाला कोश उघडू नकोस. जो शब्द तिसऱ्यांदा भेटेल, त्याच्याखाली रेघ ओढ, आणि वहीत तो एकटा न उतरवता त्याचे सबंध वाक्य उतरव. मग आठवड्याने ते वाक्य झाकून त्याचा अर्थ मराठीत सांगून पाहा, आणि मराठीवरून स्पॅनिश म्हणून पाहा.

त्या वहीत पाहिले तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणे कठीण आहे. ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. आपला पगार पोर्तुगीजांकडून याच शब्दातून आला. ‘बाल्दे’ म्हणजे बादली, ‘पिपा’ म्हणजे पिंप, ‘याव्हे’ ही आपल्या चावीची बहीण. ‘आसूकार’ म्हणजे साखर: संस्कृत शर्करा फार्शीत गेली, तिथून अरबीत, आणि अरबांबरोबर स्पेनला पोचली. ‘नारांखा’ म्हणजे संत्रे, आणि त्यात आपला नारिंग जसाच्या तसा बसला आहे. ‘आदुआना’ म्हणजे जकातनाका, आणि हा शब्द त्याच ‘दिवाण’ या फार्शी शब्दापासून अरबीमार्गे आलेला आहे, ज्याने आपल्या दरबाराला दिवाण दिला. हे सारे शब्द तिला कोशात एकेकटे भेटले असते तर ती पुढे गेली असती. त्या वहीत ते वाक्यांसकट होते, कोणी पैसे चुकते करीत होते, कोणी बादली भरत होते, आणि म्हणून ‘मामा, हा आपलाच आहे’ असे समासात लिहिण्याची बुद्धी तिला झाली.

राहता राहिला तो फ्लँडर्सचा चित्रपडदा. डॉन किहोतेचे ते वाक्य ज्याने उद्धृत करावयाचे, त्याने त्याच्या पुढचेही सांगावयास हवे होते. १६१५ साली निघालेल्या दुसऱ्या भागात बार्सेलोनाच्या छापखान्यात डॉन किहोते हे बोलतो, आणि लगेच दोन भाषांतरकारांची नावे घेऊन म्हणतो, की त्यांच्या ग्रंथांत भाषांतर कोणते आणि मूळ कोणते याचा भ्रम पडावा इतके ते उत्तम आहेत. शिवाय सर्व्हांटिसने आपला सबंध ग्रंथच भाषांतर म्हणून मांडला आहे: तोलेदोच्या बाजारात अरबी कागदांची चोपडी मिळाली, एका मुसलमानी वंशाच्या माणसाला मनुके आणि गहू मजुरीदाखल देऊन दीड महिना घरी ठेवून घेतले, आणि त्याच्याकडून ती स्पॅनिशमध्ये करवून घेतली, असे तो सांगतो. ही कल्पित कथा आहे. पण जगातील थोरातल्या थोर कादंबरीकाराला आपली कादंबरी भाषांतर म्हणून पुढे ठेवण्यात कमीपणा वाटला नाही, एवढे तिच्यावरून निश्चित ठरते.

आणि उलट बाजू पाहण्यात वाईट काय आहे? माझी आई गोधड्या शिवत असे. जुन्या लुगड्यांचे थर लावून, चौकांचौकांनी बारीक टाके घालीत ती आतल्या मध्याकडे सरकत जाई, आणि शेजारची एखादी मुलगी शिकावयास येऊन बसली, की आई तिला गोधडीची वरची सुरेख बाजू दाखवीत बसत नसे. ‘उलटी करीसन देख’ म्हणे. कारण टाका कुठे सुरू झाला, दोरा कुठे वळला, गाठ कशी मारली, हे उलट बाजूला दिसते. वरून दिसते ती नक्षी. पाहणाऱ्याला सुलट बाजू हवी हे मला मान्य आहे. ज्याला शिवावयाला शिकायचे आहे, त्याला मात्र दोन्ही बाजू लागतात, आणि प्रथम उलट बाजू लागते. वक्ते स्वतः पारंगत आहेत. ते सुलट बाजूने पाहून आनंद घेतात, तो त्यांनी अवश्य घ्यावा. शिकणाऱ्यांच्या हातून गोधडी काढून घेण्याचा हक्क त्यांना पोचत नाही.

भाषांतरावरच कायमचे राहावे, असे मी भाचीला कधीच म्हटले नाही, आणि तिनेही तसे ठरविले नव्हते. कोळ्याचे पुस्तक संपल्यावर तिने व्हर्नच्या दोन कादंबऱ्या स्पॅनिशमध्ये वाचल्या, मग एक इंग्रजी रहस्यकथा. आणि गेल्या महिन्यात तिने गार्सिया मार्केझ यांची १९६१ सालची लहानशी कादंबरी, पत्राची वाट पाहणाऱ्या निवृत्त कर्नलची, मूळ स्पॅनिशमध्ये विकत घेतली. तिचा फोन आला तेव्हा ती गाडीत होती, मनमाड मागे पडले होते. पहिल्या पानावर कर्नल कॉफीचा डबा उघडतो, तळाशी चमचाभरच भुकटी उरलेली असते, आणि तो चाकूने डबा खरवडतो. तिथवर ती कोशावाचून पोचली होती आणि ‘ओक्सिदो’ या शब्दापाशी अडली होती. मी काही बोलण्यापूर्वीच ती म्हणाली, ‘थांबा मामा, सांगू नका. पत्र्याचा डबा आहे, चाकूने खरवडतोय, भुकटीबरोबर निघतोय. गंज असणार.’